अर्धं राहिलेलं लेथ

काका, तुम्हाला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. सकाळी इचिकावाहून टोकियोला जाताना गाडीत उभी असते, तोंड बंद असतं आणि आत वाद चाललेला असतो. तुमची बाजूही मीच मांडते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वैजू, निदान मेलेल्या माणसाला तरी त्याचं वाक्य पुरं करू दे."

आपलं बोलणं थांबलं ऑक्टोबरात. त्यानंतर सात महिने तुम्ही होतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मी आले नाही. आता लोक विचारतात, पाळंदेकाका तुझे कोण? नात्यातले नाहीत, ओळखीपाळखीतले नाहीत, वयाने तीस वर्षांनी मोठे. मी सांगते, ते मला जुनं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, दुरुस्त करायला शिकवत होते. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या बाईला ही कसली हौस, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. समजावून सांगायचा मला कंटाळा येतो.

आपली ओळख कचऱ्यात झाली, हे तर मी कुणालाच सांगत नाही. मोएनाई गोमीचा, म्हणजे न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस होता. कोपऱ्यावरच्या जाळीपाशी तुम्ही एका गंजलेल्या व्हाइसला दोन्ही हातांनी धरून उभे होतात. कानस मारताना लोखंड घट्ट पकडायला असतो तो व्हाइस, चांगला पंधरा-वीस किलोंचा. समोर शेजारच्या बाई तुम्हाला नियम ऐकवत होत्या की टाकलेली वस्तू उचलून न्यायची नसते. तुम्ही त्यांच्यापुढे वाकून वाकून जपानीत "हाय, हाय", म्हणजे हो हो, म्हणत होतात आणि खाली मान घालून मराठीत पुटपुटत होतात, "सोडणार नाही हो बाई, काय वाट्टेल ते करा." मला हसू फुटलं. तुम्ही वळलात. नाव नाही, गाव नाही, पहिलं वाक्य, "हसतेस काय? दुसरं टोक धर."

मी धरलं. तो तुमच्या गॅरेजपर्यंत नेला आणि दार उघडताच मला माझ्या बाबांच्या युनिफॉर्मचा वास आला. तेल, लोखंडाचा चुरा आणि घाम. बाबा चिंचवडच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर टर्नर होते. तेवढं मी म्हणाले मात्र, तुम्ही स्टुलावरचे डबे खाली ठेवलेत आणि स्टूल माझ्याकडे सरकवलंत. "टर्नरची मुलगी? मग इतके दिवस कुठे होतीस?"

गाडी विकून तुम्ही त्या गॅरेजचं वर्कशॉप केलं होतं. एक ड्रिल मशीन, लोखंड तासायचं एक छोटं शेपर, कडेला लाकडी बाक आणि भिंतभर चहाचे रिकामे डबे, त्यांत स्क्रू, वॉशर, बेअरिंगं. प्रत्येक डब्यावर देवनागरीत चिठ्ठी. मिचिको काकूंना ती वाचता येऊ नये म्हणून, असं तुम्ही सांगितलंत. "जपानी बायको कचरा फार छान वेगळा करते. चिठ्ठी वाचता आली तर डबा गेलाच." आणि आतून काकू स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मला वाचता येतं." तुमच्या आईने त्यांना वर्षभर पुण्यात ठेवून घेऊन शिकवलं होतं. तुमची अशी फजिती व्हायची तेव्हा तुम्ही लगेच चष्मा पुसायला घ्यायचात.

आणि मधोमध, सहा फुटी, ते लेथ.

टोकियोच्या दक्षिणेकडच्या एका गल्लीत एकट्या म्हाताऱ्याचा कारखाना होता, तो बंद झाला तेव्हा तुम्ही ते आणलंत. त्याला वारस नव्हता. लेथ गॅरेजमध्ये उतरवलं तेव्हा तोही आला होता. जाताना त्याने लेथच्या मुठीला हात लावला आणि तुम्हाला म्हणाला, "वापरा. दाखवायला ठेवू नका." दर नववर्षाला तो त्यावर तांदळाची मोची ठेवायचा, हेही तुम्हीच मला सांगितलंत. मी म्हणाले, "जपान्याकडे त्याला मोची मिळायची, आपल्याकडे आल्यावर उपाशी?" तुम्ही हसून म्हणालात, "दसऱ्याला बघू." हे हसण्यावारी नेलेलं बोलणं मी डोक्यात पक्कं धरून बसेन, हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं.

तुम्हाला ते लेथ चालू झालेलं बघायचं होतं. दुसरं काही नाही. त्यासाठी आधी बेड सरळ व्हायला हवा होता. बेड म्हणजे लेथचे दोन लांब रूळ, ज्यांच्यावरून बाकी सगळं सरकतं. साठेक वर्षं वापरून ते एका बाजूला झिजले होते. ते हाताने सरळ करायचे म्हणजे कास्ट आयर्नच्या जड सरळ पट्टीला निळा रंग पुसायचा, ती दोघांनी उचलून बेडवर अलगद ठेवायची, हलकेच घासायची, परत दोघांनी उचलायची. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडायचा, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पुसायचं, परत रंग, परत पट्टी. एका शनिवारी पंधरा-वीसदा. असे आपण दोन हिवाळे काढले. उन्हाळ्यात गॅरेज तापून लोखंड फुगतं म्हणून तुम्ही हातच लावू द्यायचा नाहीत.

मी वैतागायचे. "काका, आमच्याकडे ऐंशी टक्के झालं की रिलीज करतात."

"म्हणूनच तुमच्या बँका रविवारी मेंटेनन्ससाठी बंद असतात."

"पण यावर करणार काय आहात तुम्ही? कुठला पार्ट बनवायचाय?"

"आधी सरळ तर होऊ दे."

हा आपला वाद कधी संपला नाही. मला प्रत्येक कामाचा उपयोग लागायचा आणि तुम्हाला त्या प्रश्नाचाच राग यायचा. तुम्ही नाकावर राग घेऊन फिरणारे आणि मीही काही कमी नव्हते. दोघं चिडलो की काकू मधे येऊन ओनिगिरी आणि लिंबाचं लोणचं ठेवून जायच्या. भाताच्या त्या गोळ्यांत उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाच्या जागी लोणचं घालायची त्यांची पद्धत मला इतकी आवडायची की कधीकधी मी मुद्दाम वाद काढायचे.

माझी आई गेली तेव्हा पुण्याचं विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं. घरात मला बसवेना. मी तुमच्याकडे आले. तुम्ही काही विचारलं नाहीत, सांत्वन केलं नाहीत, हातात स्क्रेपर दिलात आणि बेडचा वीतभर तुकडा दाखवलात. तीन तास मी खरवडत होते आणि रडत होते. तुम्ही पाठ करून बाकावर बसला होतात. निघताना तुम्ही तो तुकडा बोटाने चाचपलात. "खोल गेलंय. पण चालेल." लोखंडात चूक चालवून घेतलीत, असं ते एकदाच. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. पुढे कधीतरी मानू असं वाटायचं.

मग तो ऑक्टोबर. तुम्ही आणि काकू चार-पाच दिवस क्योतोला एमीकडे निघालात. मला वाटलं, लेकीला भेटायला. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिलीत. बेड जवळपास झाला होता. परत आल्यावर शेवटची तपासणी, मग मोटर चढवायची आणि नोव्हेंबरात लेथ सुरू. तुम्ही बेडला तेलाचा हात फिरवलात, वर कापड टाकलंत आणि मला म्हणालात, "याला काही करू नकोस."

मधे खंडेनवमी आली. लहानपणी त्या दिवशी बाबा आम्हाला कारखान्यात न्यायचे. धुऊनपुसून चकचकीत केलेली मशीनं, त्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ, पेढे. बाबा त्यांच्या लेथला नमस्कार करायचे तेव्हा मला ते लेथ घरातलं कुणीतरी वाटायचं. मनात म्हटलं, काकांच्या लेथची पहिली खंडेनवमी आपण करू. काका आले की खूश होतील.

मी ती मनापासून केली, काका. देवाला आंघोळ घातल्याशिवाय कुंकू लावत नाहीत म्हणून कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून सगळा बेड धुतला. तुमचं तेल मला मळ वाटलं. टॉवेलने पुसला. फुलांच्या दुकानातून झेंडू आणले, माळ केली. ओली हळद, ओलं कुंकू, बेडवर मोठं स्वस्तिक. नारळ फोडला, पाणी शिंपडलं. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून माळ तशीच ठेवून कुलूप लावलं. दसऱ्याच्या दिवशी ऑफिसात रिलीज होतं, दुसऱ्या दिवशीही होतं. तुम्ही परतलात तेव्हा मी हसत हसत मागोमाग गॅरेजमध्ये आले, तुमचं तोंड बघायला.

माळ उचलली तर खाली माळेच्या आकाराचा गंज. स्वस्तिकाच्या रेघा लोखंडात उतरलेल्या. नारळाचं पाणी ओघळलं होतं तिथे लालसर पट्टे.

"हे काय केलंस?"

"पूजा केली, काका. खंडेनवमी होती ना."

"तेल कुठे गेलं?"

"धुतलं."

"धुतलंस?" तुम्ही एवढं एकच विचारलंत आणि मग तुमचा आवाज चढला. "एक हिवाळा गेला माझा. कळतंय का तुला? सगळा बेड परत खरवडून खाली घ्यावा लागेल. अख्खा एक हिवाळा!"

चूक कळली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी म्हणाले, "हिवाळ्याचं एवढं काय? दर वर्षी येतो." तिथे थांबायला हवं होतं. पण तोंडाचा पट्टा सुटला होता. "आणि एवढं करताय कुणासाठी? एमीला यातलं काही नको आहे. तुमच्यामागे हे भंगारातच जाणार आहे."

तुम्ही फडक्याने एकेक बोट पुसलंत. फडकं खिळ्याला अडकवलंत. "किल्ली ठेव आणि जा."

मी गेले. त्याच दिवशी बाबांना फोन केला, ते माझी बाजू घेतील म्हणून. बाबा म्हणाले, "बेडला? ओलं? अगं, आम्ही कुंकू लावायचो ते वरच्या रंगवलेल्या भागाला. बेडला आधी तेल, मग बाकीचं. पाणी तर सोडच." मग म्हणाले, "जाऊन माफी माग." मी हो म्हणाले. बाबांशी बोलताना मी नेहमीच हो म्हणते.

नोव्हेंबरात तुम्ही स्टेशनजवळच्या कोनबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात दिसलात. हातात कॉफीचा कप, कोट अंगाला मोठा झालेला. मी मासिकांच्या मागे सरकले. थंडीमुळे असे दिसतात, असं स्वतःला सांगितलं. जानेवारीत तुमचा मेसेज आला. नुसता फोटो, बेडचा आणि त्यावरच्या निळ्या ठिपक्यांचा. खाली एक शब्द नाही. मला वाटलं, टोमणा आहे, बघ तुझ्यामुळे मला काय करावं लागतंय. उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. शेवटी नाहीच पाठवलं.

मे महिन्यात काकूंचा फोन आला. तुम्ही गेलात हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग माझी चौकशी केली, ऑफिसचं काम अजून तेवढंच आहे का म्हणून.

मला काही कळेना. मग घरी गेले तेव्हा काकूंकडून एकेक कळत गेलं. तुम्ही घरी सांगितलं होतंत की वैजूचं ऑफिसचं काम वाढलंय म्हणून ती येत नाही. गंजाबद्दल सांगितलं होतंत की क्योतोला जाताना तुम्हीच कुंकू लावलंत आणि तेल लावायला विसरलात. आणि क्योतोला तुम्ही लेकीला भेटायला गेला नव्हतात. तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेला होतात. त्यांनी तुम्हाला एक हिवाळा सांगितला होता, फार तर पुढचा वसंत. ते ऐकून तुम्ही परत आलात, गॅरेजचं दार उघडलंत आणि समोर माझी पूजा. आणि मी तुम्हाला सांगितलं, हिवाळा दर वर्षी येतो.

काकूंनी चहा ओतला. म्हणाल्या, "जानेवारीत थोडं बरं वाटत होतं त्यांना. फोटो पाठवला तुला. म्हणाले, तिला सवड झाली की येईल. इतके दिवस कशीबशी सरकवली, आता ती पट्टी एकट्याला उचलवत नाही ना." मग कपाकडे बघत म्हणाल्या, "मी उचलून बघितली. माझ्याच्याने नाही झालं."

म्हणजे ते बोलावणं होतं. तुम्हाला दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं. टोमणे तुम्हाला कधी मुक्याने मारता आले नाहीत, तोंडावर मारायचात, एवढं तरी मला समजायला हवं होतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, बारा-तेरा शनिवार होते. मी त्या शनिवारी काय करत होते, हे आठवायचा खूप प्रयत्न केला. काहीही आठवत नाही. काहीही करत नव्हते.

मी गॅरेजमध्ये गेले. एका टोकाकडून अर्धा बेड तुम्ही परत खरवडून आणला होतात. त्यातल्या शेवटच्या वीतभर खुणा वेड्यावाकड्या होत्या, उथळ, हाताला जोर नसलेल्या. त्यापुढे स्वस्तिक होतं, तसंच.

घर भाड्याचं. एमी काकूंना क्योतोला नेणार म्हणून महिन्याच्या आत रिकामं करायचं होतं. मी धावपळ केली, काका, ते खरं. फोटो टाकले, ओळखीच्यांना विचारलं, ऑफिसातल्या हौशी माणसांना पकडलं. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लेथ सातशे किलोंचं. शेवटी एक गृहस्थ बघायला आले. तुमच्याच वयाचे, बाकावर नीट मांडलेली हत्यारं बघून डोळ्यांत पाणी आलेले. अर्ध्या बेडवरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "फार चांगला हात आहे." मग उरलेल्या अर्ध्यापाशी थांबले आणि दातांमधून श्वास आत ओढला. इथला नकार असाच येतो. "दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला आता माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत." जाताना फक्त व्हाइस घेऊन गेले.

लोक म्हणतात, तुम्ही समाधानाने गेलात. काकूंसमोर मीही मान हलवते. पण मला ते पटत नाही. तुम्हाला एक गोष्ट हवी होती आणि ती नोव्हेंबरात होणार होती.

गुरुवारी ट्रक आला. मी अर्धी रजा काढली होती. भंगारवाल्यांचा माणूस हेल्मेट काढून वाकला आणि हातातला कागद बघत त्याने विचारलं, "हे चालतं का?" चालणारी मशीनं परदेशी गिऱ्हाइकं येतात त्या यार्डात जातात, बाकीची तिथल्या तिथे कापली जातात. एमीने माझ्याकडे बघितलं. तिला यातलं काही माहीत नाही. मी दोन हिवाळे तिथे होते, मला सगळं माहीत होतं. मोटर खोक्यात, बेडवरून सरकणारं सॅडल बाकाखाली, बेड अर्धा.

मी म्हणाले, "नाही चालत."

त्याने कागदावर खूण केली. पट्टे आवळले, क्रेनने ते उचललं आणि दोन मिनिटांत गॅरेजमध्ये काँक्रीटवर तेलाचा चौकोन तेवढा राहिला. एमी माझ्यापुढे आली. तुमच्या लेकीने मला दोन्ही हात जुळवून, खाली वाकून जपानीत सांगितलं, "तुम्ही बाबांना शेवटपर्यंत साथ दिलीत, इतकं काम असून वेळ काढलात, बाबा तुमच्याबद्दल नेहमी बोलायचे, आम्ही फार ऋणी आहोत."

तेव्हा सांगायला हवं होतं. "ते कुंकू माझं होतं, फोटोला उत्तर मी दिलं नाही, तुमच्या बाबांचा हिवाळा मी घेतला." एवढं म्हणायला धीर झाला नाही. मी म्हणाले, "नाही हो, मी काहीच केलं नाही." इथे आभार मानले की असंच म्हणायची रीत आहे. ते नम्रपणाचंच समजून ती आणखी खाली वाकली. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तरी ती वाकलेलीच होती, म्हणून मीही वाकलेलीच राहिले.